शुभदाताईंचा जिना

कलामहोत्सवाचा पहिला दिवस शुभदाताई पेंडसे तिकीट न काढता घालवत. दुपारीच जाऊन छोट्या सभागृहाच्या जिन्यात, मधल्या वळणावर, कठड्याला टेकून उभ्या राहत. हातात पाण्याची बाटली, पायांत बूट आणि साडीवर मुलाचा जुना स्वेटर. वरचा प्रयोग सुटून माणसं उतरू लागली की ताई मान थोडी तिरकी करून ऐकत. ओळखीचं कोणी भेटलं तर ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करत. आमच्या धायरीच्या सोसायटीतल्या सहासात बायकांनी कोणते कॉमेडी शो बघायचे, हे त्या जिन्यावर ठरायचं आणि ठरवायच्या त्या एकट्या.

आम्हाला हे स्टँड-अप प्रकरण नवं होतं. एक पोरगं माईक घेऊन उभं राहतं, ना नेपथ्य, ना पेटी-तबला, आणि तासभर स्वतःच्या घरचं सांगतं. त्यातलं बघण्याजोगं कोणतं हे कळायचं कसं? पोस्टरवर सगळेच तोंड वाकडं करून उभे. ताईंची कसोटी सोपी होती. "आतल्या टाळ्यांवर जाऊ नकोस, मंजू. तिकीट काढून बसलेला माणूस टाळ्या वाजवतोच. जिना खरं बोलतो. 'मस्त होतं' म्हणत उतरले की समजायचं, काही नव्हतं. त्यातलं एखादं वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत उतरले, की उद्याची तिकिटं काढायची." प्रत्येक शोचे महोत्सवात दोनतीन प्रयोग व्हायचे, म्हणून ही पद्धत चालायची.

त्यांचे कान तयार होते ते टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीमुळे. त्या म्हणत, "जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं कानांवरून जाऊ द्यायचं आणि ऐकायचं नाही, असली आमची नोकरी. आता राहिलेलं ऐकून घेतेय." एकदा महोत्सवातल्या एका स्वयंसेवक मुलीने अदबीने विचारलं, "काकू, तुम्ही कोणाला शोधताय का?" ताई म्हणाल्या, "हसलेला माणूस शोधतेय. अजून एकही उतरला नाही." पोस्टरवर एकाने स्वतःला 'अनफिल्टर्ड' म्हणवून घेतलं होतं. ताईंनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पाणीसुद्धा आपण गाळून पितो. पुढे चल." शिव्या देऊन हसवणाऱ्यांविषयी त्यांचं मत होतं की तिथे लोक हसत नाहीत, दचकतात, आणि दचकलेल्याचं तोंड हसल्यासारखंच दिसतं. त्यांनी निवडलेला शो पडला असं मला आठवत नाही.

त्यांच्या घरी मात्र हसण्याचा एक वेगळाच झरा होता, आणि तो सुरू झाला होता दुखण्यातून. त्यांचे यजमान अनंतराव पाटबंधारे खात्यात होते. सारी नोकरी धरणावर गेली. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली, म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, नाव सांगा." अनंतराव म्हणाले, "खडकवासला." डॉक्टरांनी ताईंकडे बोट दाखवलं, "आणि ह्या कोण?" अनंतरावांनी बायकोला नीट न्याहाळलं आणि ठामपणे सांगितलं, "खडकवासला."

ताई हे सांगताना अजून हसायच्या. "मला आवरेना गं. चिन्मयने मला धरून बाहेर नेलं, तर त्यालाही आवरेना. हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून आम्ही मायलेक आधी हसलो आणि मग रडलो." पुढे धरणाच्या त्या एका नावावर घर चालू लागलं. चहा गोड झाला तर एक खडकवासला, अगोड झाला तर दुसरा. क्रिकेटमध्ये आपली विकेट गेली की तिसरा, तो जिन्यापर्यंत ऐकू यायचा. मी गेले की हात वर करून अगदी प्रेमाने म्हणत, "खडकवासला!" आणि मी खुर्ची ओढून बसत असे. बाहेरचं कोणी आलं, की ताई मात्र त्यांना आतल्या खोलीत नेऊन दार लोटून घेत. "ते झोपलेत," म्हणत. आतून खडकवासला ऐकू आलं तर टीव्हीचा आवाज वाढवत.

मुलगा चिन्मय आयटी कंपनीत होता आणि सुट्टीच्या दिवशी कॅफेमध्ये उभा राहून लोकांना हसवायचा. ताईंना त्याचं कौतुक होतं, पण त्या त्याच्या कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या. "ऑफिसवर विनोद करतो म्हणे. त्याच्या साहेबाला मी ओळखत नाही, मला काय हसू येणार?" मग एका हिवाळ्यात त्याला कलामहोत्सवातच जागा मिळाली. ताईंनी जाहीर केलं, "आपल्या मुलाला वेगळा न्याय नाही. आधी जिना."

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. दार उघडलं आणि कॉलेजची मुलंमुली उतरू लागली. पहिल्याच मुलाने मागे वळून मित्राला विचारलं, "भाई, पार्किंग कुठे केलीये?" मित्र एकदम म्हातारा चेहरा करून गंभीरपणे म्हणाला, "खडकवासला." सगळा घोळका खिदळला. त्यांच्या मागून दोन मुली, "जेवायला कुठे?" "खडकवासला!" मग एक मध्यमवयीन जोडपं, तेही तेच. कोणी चिडून, कोणी लाडात, कोणी विकेट गेल्यासारखं. जिना वरपासून खालपर्यंत त्या एका शब्दाने भरून गेला.

मी हसले. अनंतरावांच्या सगळ्या सुरांशी माझी ओळख होती आणि त्या मुलांनी ते इतके हुबेहूब उचलले होते, की हसू आलंच. मग मी ताईंकडे बघितलं. त्यांनी एका हाताने कठडा धरला होता, मान खाली होती, आणि दुसऱ्या हाताने त्या स्वेटरची बाही पुन्हापुन्हा खाली खेचत होत्या. मला माझ्या हसण्याची इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना. त्यांच्याच कसोटीने हा त्या महोत्सवातला सगळ्यात चांगला शो होता. ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

संध्याकाळी सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, "मग, कोणाची तिकिटं काढायची?" ताई म्हणाल्या, "यंदा कशातच दम नाही." एवढ्या वर्षांत त्या निवडीबद्दल खोटं बोलल्या त्या पहिल्यांदा.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी मला वर बोलावून घेतलं, बहुधा आपला आवाज चढू नये म्हणून. अनंतराव आतल्या खोलीत होते. चिन्मय शाळेत बाकावर उभं केल्यासारखा ओट्यापाशी उभा होता.

"घरात हसलो ते घरातलं होतं," ताई म्हणाल्या. "बाहेर नेऊन मांडायला कोणी सांगितलं तुला?"

"आई, पहिल्यांदा तूच हसलीस."

"मी बायको आहे. मी त्यांचं सगळं करते आणि हसते. ती जिन्यातली पोरं काय करतात त्यांचं?"

"मी बाबांना विचारलंय."

"मग? काय म्हणाले?"

चिन्मयने आतल्या दाराकडे बघितलं. मलाही उत्तर माहीत होतं. अशा वेळी हसू येऊ नये म्हणून मी जीभ चावली.

"ते सगळ्यालाच तेच म्हणतात," ताई म्हणाल्या. "त्याला काय परवानगी म्हणायची? जन्मभर मान वर करून नोकरी केलेला माणूस आहे तो. त्याची अब्रू आहे काही."

"त्यांना कळतं आई. मी रोज त्यांच्याजवळ बसून..."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. अनंतराव चौकटीला टेकून उभे होते. डाव्या हातात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. कपाटातून स्वतः काढलेला. त्यांनी तो चिन्मयकडे पुढे केला आणि म्हणाले, "खडकवासला." यात कुणाला शंका नव्हती: त्यांना कार्यक्रमाला यायचं होतं.

ताईंनी त्या शर्टाची कॉलर नीट केली. मग चिन्मयला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना घेऊन येते. सगळ्या सोसायटीला घेऊन येते. पण ते बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला." चिन्मयने मान डोलावली. मला तेव्हा ही तडजोड शहाणपणाची वाटली.

शेवटच्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत होतो. अनंतराव मध्ये, त्यांच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. चिन्मयने ऑफिसवर सुरुवात केली. लोक हसत होते, बेताने. अनंतराव मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि त्यांचं लक्ष मुलाच्या तोंडावरून हलत नव्हतं. मध्येच चिन्मय म्हणाला, "माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते," आणि थांबला. अनंतरावांनी डावा हात वर उचलला, छाती भरून श्वास घेतला. चिन्मयने आईकडे बघितलं. मग तो पुण्यातल्या पाणीकपातीवर काहीतरी बोलला आणि पुढे गेला. अनंतरावांचा हात बराच वेळ तसाच वर होता. मग तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.

कार्यक्रम संपला. आमच्या मागून लोक "मस्त होतं, मस्त होतं" म्हणत उतरून गेले. ताई म्हणाल्या, "अहो, उठा. संपलं." अनंतराव उठले नाहीत. ताईंनी काखेत हात घातला, तरी नाहीत. ते रिकाम्या माईककडे बघत बसून राहिले आणि, मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच, काही म्हणजे काहीच बोलले नाहीत.

चिन्मय रंगमंचावरून उतरून त्यांच्यापुढे उकिडवा बसला. "बाबा, सॉरी," म्हणाला. मग आईकडे न बघता सांगितलं, "आमचं घरी ठरलं होतं. तू बाजारात गेलीस की आम्ही तालीम करायचो. मी प्रश्न विचारायचा आणि त्यांनी उत्तर द्यायचं. कुठल्या प्रश्नाला कुठला सूर, ते त्यांनीच बसवलंय. आज समोरून तेच बोलणार होते. आज तो भागच नाहीये, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या अब्रूचा निकाल आम्ही ओट्यापाशी उभं राहून लावला, मीही तिथे होते, आणि चार पावलांवर हातात शर्ट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. बोलता येत नाही त्याला सांगायचंही नसतं, असंच जणू आम्ही धरून चाललो होतो. ताई खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. रिक्षात त्या मला एवढंच म्हणाल्या, "लाज मला वाटत होती गं. त्यांना नव्हतीच. माझी लाज मी त्यांच्या अंगावर पांघरली आणि वर म्हणत राहिले, त्यांना जपते."

पुढच्या महोत्सवात करू, असं चिन्मयने बाबांना सांगितलं. त्यानंतर ताईंनी आतलं दार लोटणं बंद केलं. कोणी आलं की अनंतराव बाहेरच्या खोलीत बसलेले असत आणि पाहुण्यांना ताई सांगत, "बोला त्यांच्याशी. उत्तर देतात." पण उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि अनंतराव गेले.

त्या हिवाळ्यात चिन्मयचा शो होता. ताईंनी त्याला स्वतः सांगितलं होतं, "ते कर रे. मी सांगते, कर." तो म्हणाला, "विचारीन मी. समोरून उत्तर कोण देणार?" ताई तरीही पहिल्या दिवशी जिन्यात, मधल्या वळणावर जाऊन उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. माणसं उतरली, कोणी ऑफिसचा विनोद म्हणून दाखवत होतं, कोणी पाण्याचा. ताईंच्या कसोटीने शो चांगला होता. शेवटचा माणूस उतरेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "यापुढे तिकिटं तुम्हीच ठरवा. माझे कान आता एकाच शब्दावर लागलेले असतात. असल्या माणसाने निवड करू नये."

तेव्हापासून आम्ही पोस्टर बघून शो निवडतो आणि बहुतेक वेळा फसतो. ताई येत नाहीत. त्यांच्याशी बोलताना मीही जरा जपूनच बोलते. त्या घरात हसणं म्हणजे काहीतरी सांडल्यासारखं वाटतं.

परवा आमची लिफ्ट बंद होती. ताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, मी उतरत होते. मधल्या वळणावर गाठ पडली. मी नेहमीसारखं हळू आवाजात विचारलं, "कशा आहात, ताई?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली, कठड्याला टेकल्या, मला नीट न्याहाळलं आणि अगोड चहाच्या सुरात म्हणाल्या, "खडकवासला."

मी खळखळून हसले. जिनाभर घुमलं ते. आणि लगेच, सवयीने, तोंडावर हात ठेवला.

"काढ तो हात," शुभदाताई म्हणाल्या. "हसावंस म्हणूनच म्हटलं."