पुढे सरका

आमच्या लोणखेड्यात एक रिटायर कंडक्टर आहे. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. पारावर दोनच म्हातारे असले तरी येताच ओरडतो, “पुढे सरका, पुढे सरका!” चहाचा ग्लास हातात आला की गाडी सोडायची घंटी द्यावी तसा बोटाने दोनदा वाजवतो, मगच घोट घेतो. मला त्याचा राग यायचा. माणसाने एवढं खूश कशाला असावं?

थंडीत तो शेतात भरीत करतो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो, सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावतो. बायको गेल्यापासून मी जात नव्हतो. भरीत खावं तर तिच्या हातचं. मिरची-लसूण कुटायची तिची खोलगट लाकडी बडगी मी कपाटावर ठेवली होती. कोणाला हात लावू देत नव्हतो.

परवा तो दारात आला. “आप्पा, बडगी दे. मन्ही तडकी गयी.”

“नही देत. ती मन्ही बायकोनी शे.”

“मंग नको देऊ. तूच बडगी लई चाल, तूच कुट.”

बडगी घेऊन गेलो. लसणाचा वास वर आला तसा माझा हात थांबला. त्याने पाहिलं. बडगीच्या काठावर बोटाने दोनदा वाजवलं. मी परत कुटायला लागलो.

जेवायला बसताना तो ओरडला, “पुढे सरका, आप्पाले बसू द्या!”

अख्खं शेत मोकळं होतं. तरी सगळे सरकले, अन् मी मधे बसलो.