जुनं घे, नवं दे

त्या हिवाळ्यात जो तो मान वर करून फिरत होता. सगळे ग्रह एका रांगेत दिसणार म्हणून मोबाइलवर नुसता धिंगाणा चालला होता. अमरावतीला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी तर गच्चीवर चटया टाकल्या होत्या. मला मेलीला ग्रहांचं काय! माझ्या दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला डायलिसिससाठी अकोल्याला न्यायचं म्हणून मी सासर सोडून माहेरी, बाळापूरजवळच्या आमच्या खेड्यात येऊन राहिले होते. घरात माय, दादा आणि मी. बाबा आधीच गेले, तेही असेच अंगावर सूज येऊन. तेव्हा कोणी कारण विचारलं नाही. दादाचं लग्न झालं नव्हतं. मळ्यात मेथी-सांभाराची पालेभाजी पिकवणाऱ्याला पोरगी देतं कोण?

आमच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पिऊन आम्ही मोठे झालो. आता नळ आलाय, पण फार उशिरा आला, असं गावात सगळेच म्हणतात. किडन्या त्या पाण्यानेच जातात का, ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत.

किडनीसाठी माझा रक्तगट जुळला नाही, मायचा जुळला. त्या दिवशी माय इतकी खूश झाली, की कोणाला वाटावं पोराचं लग्नच ठरलं. तिच्या बाकीच्या तपासण्या झाल्या होत्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टर निकाल सांगणार होते.

त्याच आठवड्यात बीज आली. डायलिसिसहून आला, की दादाचं डोकं ठणकायचं आणि घरात जीव घाबरायचा. म्हणून संध्याकाळी आम्ही त्याची खाट स्लॅबवर टाकली. मावळतीला चंद्राची बारीक कोर होती, तिच्याजवळ शनी, जरा वर शुक्र, डोक्यावर गुरू आणि पूर्वेला लाल मंगळ. न बघायचं ठरवूनही मी बघितलंच. दादाने सगळ्यात आधी शुक्र ओळखला. ती चांदणी पहाटे निघायची त्या दिवसांत तो तिच्याच उजेडात जुड्या बांधायचा.

"अरे बाप्पा, हे तं आपली भाजीची चांदणी! संध्याकाळची काय करून राहिली इथं?"

"तुह्यासारखीच सुटीवर असन," मी म्हटलं.

आमच्याकडे बिजेचा चंद्र दिसला, की अंगावरच्या कपड्याची दशी काढून त्याला वाहतात आणि 'जुनं घे, नवं दे' म्हणतात. नवा कपडा मिळावा म्हणून. मायने पदराचा धागा ओढला, चंद्राकडे फुंकला आणि हात जोडले. दादा खाटेवरून म्हणाला, "माय, लुगडं काय मांगतं त्याले? किडनी मांग नं!"

"थेच मांगून राहिली, बाप्पा."

"मले नवी नाई लागत. तुही जुनीच चालते."

आम्ही तिघंही हसलो. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मायला खुर्चीवर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तिच्याही किडन्या अर्ध्याच्या वर खराब झाल्या आहेत. तिला देता येणार नाही, उलट तिलाच औषधं सुरू करायला हवीत. मायला आपलं दुखणं ऐकूच आलं नाही. ती म्हणाली, "उरली हाय नं जराशीक? मंग तेवढी काढून द्या त्याले." डॉक्टरांनी तिच्या औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली. मी बाहेर जाऊन स्कूटरींच्या रांगेत उभी राहून रडले.

गावात शेजारच्या काकू समजावायला आल्या, की हे सगळं ग्रहांच्या रांगेमुळे झालं. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, "काकू, ग्रह आले होते का आमच्या विहिरीत खारं पाणी भराले?" त्या पुन्हा आल्या नाहीत. बरं झालं.

पुढच्या बिजेला शनी मावळतीच्या उजेडात बुडाला होता. बाकीचे होते. माय वर आलीच नाही. "काईच मांगायचं नाई मले त्याले," म्हणाली आणि चुलीपाशी बसून राहिली. दादाला मी धरून वर आणलं. सुयांनी त्याचा हात गाठीगाठी झाला होता. शर्टाची दशी त्याला ओढता येईना, म्हणून मी तोडून दिली. त्याने ती चंद्राकडे धरली.

"जुनं म्हणून मले घे," तो म्हणाला, "अन् मायले नवं आयुष्य दे."

"तोंड सांभाळ, दादा!"

"तुह्याशी नाई बोलून राहिलो, बाई. त्याच्याशी बोलून राहिलो."

होळी झाली आणि दादा गेला. अकोल्याच्या रस्त्यावर, गाडीत, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून. शुक्रही तेव्हाच मावळतीला दिसेनासा झाला आणि नंतर पहाटे उगवू लागला. मळ्यात जुड्या बांधायला कोणी नव्हतं.

मायने औषधं वेळेवर घेतलीच नाहीत. वर्षाच्या आत तिचंही डायलिसिस सुरू झालं, त्याच मंगळवारी-शुक्रवारी. चार-सहा खेपा आली आणि मग तिने अंगच टाकलं. "मी नाई येत. कोणासाठी येऊ?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बंद केलं तर फार दिवस निघणार नाहीत. मी हातापाया पडले, ओरडले, जेवण सोडून बघितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडायची.

यंदा शुक्र पुन्हा संध्याकाळी दिसू लागला. दादाचं वर्षश्राद्ध झालं होतं. मायच्या दोन खेपा चुकल्या आणि लगेचच्या बिजेला ती आपणहून स्लॅबवर आली. चंद्राच्या कोरीजवळ ती भाजीची चांदणी होती. माय कठड्याला धरून बघत राहिली.

"मी जुनं घे म्हटलं होतं," ती म्हणाली. "मेल्यानं नवं नेलं अन् जुनं ठेवलं. बहिरा हाय थो."

माझ्याच्याने राहवलं नाही. "बहिरा नाई, माय. तू खाली चुलीपाशी होती तवा दादानं बी त्याले मांगितलं होतं. म्हणला, मले घे, अन् मायले आयुष्य दे."

मायने माझ्याकडे बघितलं. मग ती मटकन खाली बसली आणि दादा गेला तेव्हाही रडली नव्हती इतकं रडली. मी तिची पाठ चोळत राहिले. चंद्र बाभळींच्या मागे गेला.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला.

"उद्या मंगळवार हाय नं?"

"हो."

"गाडी किती वाजता येते?"