पूर्वेच्या समुद्रावरचा सूर्यास्त
परवा गाडी धुताना सीटखाली सुरूच्या वाळक्या काड्या सापडल्या. त्या कित्येक वर्षांपूर्वीच्या, यावरून मी गाडी किती मनापासून धुतो ते कळावं. लग्नाच्या वाढदिवसाला समुद्रात बुडणारा सूर्य दाखवतो, असं बायकोला कबूल करून मी बंगळुरूहून जवळ पडतो म्हणून पूर्वेचा किनारा गाठला होता. माझं लहानपण कोकणातलं, त्यामुळे माझ्या डोक्यात समुद्र कायम पश्चिमेलाच! सुरूच्या बनातून पलीकडे गेलो, तर लांबच लांब मोकळी वाळू, भेळवाला नाही की माणूस नाही, लाल खेकड्यांची पळापळ आणि छातीत घुमणाऱ्या लाटा. बायको समुद्राकडे तोंड करून वाट बघत बसली. जरा वेळाने म्हणाली, "अहो, सूर्य कुठाय?" मी मुकाट्याने मागे बोट दाखवलं. तो झाडांआड चालला होता. तेवढ्यात समोर थेट पाण्यातून तांब्याच्या परातीएवढा पौर्णिमेचा चंद्र वर आला आणि त्याच्या उजेडाचा पट्टा लाटांवरून आमच्या पायांशी येऊन टेकला. आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसते बघत राहिलो. पाहुण्यांना ही गोष्ट मी अजूनही तिने शिकवली तशीच सांगतो. गाडीत बसताना ती म्हणाली होती, "घरी कुणी विचारलं, तर मुद्दाम चंद्रच दाखवायला नेलं होतं म्हणून सांगा."