टिश्यूच्या पाकिटाने धरलेली जागा

सिंगापूरहून सुट्टीवर इंग्लंडला गेले होते, तेव्हा लंडनहून ट्रेनने एका उमरावाची जुनी हवेली बघायला गेले. दालनामागून दालनं, आणि प्रत्येक खुर्चीला आडवी दोरी. पाय बोलायला लागले. शेवटी चहाच्या खोलीत शिरले, तर एकच टेबल रिकामं आणि त्यावर टिश्यूचं पाकीट. वेट्रेस ते कचरा समजून उचलायला गेली. मी ओरडलेच, "राहू द्या! जागा धरलीय कुणीतरी!" आपण एस.टी.त रुमाल टाकतो, तसं सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, हे पाकीट.

तेवढ्यात ट्रे घेऊन सत्तरीच्या एक चिनी आजी आल्या. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हौगांग," छातीवर बोट ठेवत त्या म्हणाल्या.

"यिशुन," मीही सिंगापुरातला माझा भाग सांगितला.

त्यांनी पायानेच समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि केकचा अर्धा तुकडा पुढे केला. "एवढं मोठं घर, पण बसू कुठेच देत नाहीत, लाह!" शेवटी तो अस्सल सिंगापुरी 'लाह'.

चहा संपवून त्या पुढे निघाल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परतीची गाडी गच्च भरलेली. लोक दारापर्यंत उभे होते. आत आजी खिडकीशी बसलेल्या, आणि शेजारच्या सीटवर टिश्यूचं पाकीट. मला बघताच त्यांनी ते उचललं.