धार काढणारे काका

कुठलीही सुरी हातात घेतल्यावर ते आधी विचारायचे, "काय कापणार?" उत्तर मिळाल्याशिवाय चाकाला पाय लावत नसत. आईने एकदा चिडून म्हटलं, "काहीही कापीन, तुम्हाला काय करायचंय?" त्यांनी विळी शांतपणे परत ठेवली. "अदी, मासळीची धार वेगळी, कांद्याची वेगळी. काहीही कापणारी सुरी शेवटी बोटच कापते." अदी म्हणजे त्यांच्या सिंधीत ताई. आईने निमूटपणे सांगितलं, "भाजी."

फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत बराकी भरल्या, त्यांतल्या एका खोलीत ते एकटे राहत. लाकडी चौकटीत बसवलेलं दगडी चाक खांद्यावर घेऊन ते अंबरनाथला आमच्या आळीत येत. तिकडे सिंधमध्ये ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. "तिथे बोरूला धार, इथे विळीला. धंदा तोच, बेटी, फक्त शाई गेली," असं मला म्हणायचे. त्यांची लिपी इकडे कुणाला वाचता येत नव्हती. या गोष्टीबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत.

त्यांची आरोळी मात्र आळीत गाजली. "धार काढणाऽर, धार काढणाऽर!" पहिल्याच दिवशी शेजारच्या हौसाबाई गोठ्यातून बाहेर आल्या. त्या आगरी, घरची शेती आणि दोन म्हशी. "कंची धार काढतंस रं दादा, गायीची का म्हशीची?" सगळी आळी हसली. काकांना काही कळेना. मग मी त्यांना समजावलं की मराठीत दुधाची धार काढतात आणि सुरीला धार लावतात. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच ओरडत आले. मी पुन्हा सुधारलं, तर म्हणाले, "लावलेली धार उतरते, बेटी. ती लोखंडाच्या आतच असते. आपण काढायची."

मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते आणि याद्या करण्याची खोड मला तेव्हाही होती. त्यांच्यासाठी मी वहीत 'धार'चे अर्थ लिहायला घेतले. सुरीची धार, दुधाची धार, डोळ्यांना लागते ती धार, संततधार, धारदार नाक, धारेवर धरणे. ते येतील तेव्हा एकेक वाचून दाखवायची. यादी संपली त्या दिवशी चाक थांबवून म्हणाले, "कमाल आहे तुमची भाषा. एकच शब्द, कापतो पण आणि पाजतो पण."

त्याच वर्षी माझ्या एका यादीने घात केला. धाकट्या भावाच्या मुंजीत कुणाकुणाची ओटी भरायची ती यादी मी केली होती, आणि तीत ताईच्या सासूबाईंच्या जाऊबाई राहून गेल्या. भर मांडवात त्या रिकाम्या ओटीने उठल्या. ताईला तेव्हा दिवस गेले होते. सातवा लागला, तरी बदलापूरजवळच्या शिरगावहून सासरचा निरोप एकच: मुलगी बाळंतपणाला येणार नाही. आठव्यात प्रवास करायचा नाही, म्हणजे हातात दिवस थोडे. पहिलं बाळंतपण माहेरी नाही, या विचाराने आई जेवेना. बाबा मला म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. तूच पत्र लिही."

मी चार पानं लिहिली. त्यांच्या घरी आमचे कधी, कुठे आणि कसे मान राहून गेले, ते सगळं क्रमवार मांडलं. पत्र मला इतकं आवडलं की दारात विळी घासत बसलेल्या काकांना वाचून दाखवलं. अर्ज लिहिणारा माणूस वाहवा करील, अशी खात्री होती.

"जबरदस्त धार आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "काय कापणार?"

"म्हणजे?"

"तुला बहीण आणायची आहे ना? गाठ पडली आहे ती कापायची, की तिचे हात कापायचे? पत्र तू पाठवणार, पण त्या घरात राहणार ती."

ते विळी उलटसुलट बघत म्हणाले, "मी हजार अर्ज लिहिले, बेटी. साहेब पहिल्या ओळीनंतर वाचत नाही. पहिली ओळ खरी लिही."

चार पानांच्या चार ओळी झाल्या. 'यादी मी केली होती. चूक माझी आहे. आपल्या जाऊबाईंची ओटी घेऊन मी स्वतः येत आहे. ताईला पाठवावे.'

बाबांबरोबर मीच शिरगावला गेले. ताईच्या सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि जाऊबाईंकडे दिलं. त्यांनी ओटी भरून घेतली, मग म्हणाल्या, "अक्षर बरं आहे हो हिचं. यादीत पुन्हा विसरू नकोस म्हणजे झालं." सासूबाई आत वळून ताईला म्हणाल्या, "लुगडी भर. आठवा लागायच्या आत जा."

ताईला मुलगी झाली. बाराव्या दिवशी काका आले ते चाक न घेता. हातात झाकलेला तांब्या. "अदी, आज खरोखर धार काढून आणली. बाळंतिणीला." मागून हौसाबाई हसत आल्या. "आठ दिस शिकतोय माज्या म्हशीवर. अर्धी धार भुईला पाजली यानं." आईने तांब्या घेतला, आणि तिच्या डोळ्यांना जी लागली ती माझ्या यादीतली तिसरी धार.

पुढे दोनेक वर्षांनी ते पुतण्याकडे अहमदाबादला गेले. जाताना बोरू तासायचा छोटा चाकू मला दिला. त्याचं पातं आता झिजून गवताच्या पात्याएवढं उरलं आहे. याद्यांची पेन्सिल मी त्यानेच तासते. कुणाला कडक पत्र लिहायचं असलं की आधी पेन्सिल तासते, आणि तेवढ्या वेळात तो प्रश्न स्वतःला विचारून होतो. बरीच पत्रं मग चार ओळींचीच होतात.

हल्ली दारावर धारवाला आला की मी सुरी देते आणि सांगते, "धार काढून द्या." परवाचा पोरगा हसला. "बाई, लावून द्या म्हणायचं."

"बरं," मी म्हटलं, "काढून द्या."