तांबडीचं गाऱ्हाणं

आमच्या गाडीने सतरा वर्षांत एकही अपघात केला नाही, असं मी सतरा वर्षं सांगत होतो. त्यातलं किती खोटं होतं, ते मला एका रविवारी सकाळी, बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, हातात नारळ धरून उभा असताना कळलं. आणि तेही देवाच्या साक्षीने!

माझ्याकडे पुरावा होता ना! विमा कंपनी दरवर्षी ज्याने भरपाई मागितली नाही त्याला हप्त्यात सूट देते. त्याला नो क्लेम बोनस म्हणतात. माझा बोनस वाढत वाढत अगदी वरच्या टोकाला जाऊन बसला होता. लोक मुलांच्या मार्कांबद्दल बोलतात तसा मी या बोनसबद्दल बोलायचो. गाडी इतकी जुनी झाली की पूर्ण विमा उतरवण्यात अर्थ राहिला नव्हता, तरी मी तो उतरवत होतो. बोनस तुटू नये म्हणून! (हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.)

शेवटी तांबडी भंगारात काढायची ठरली. तांबडी म्हणजे आमची गाडी. आमचा विमा बघतो माझा मामेभाऊ बंड्या. त्याने घरी येऊन, दोन प्लेट पोहे खाऊन, मला बजावलं, "दादा, शहाणपणा करू नकोस. आधी गाडी सरकारमान्य भंगारवाल्याकडे. तो सर्टिफिकेट देईल. ते दाखवून आरटीओत नोंदणी रद्द. मग ते कागद मला द्यायचे, मग पॉलिसी रद्द आणि मग तुझं बोनसचं पत्र. तो बोनस नव्या गाडीला लागेल. उलटसुलट केलंस तर वाट लागेल."

"बोनस जाईल?" मी छातीवर हात ठेवून विचारलं.

"क्लेम केला नाहीस ना कधी?"

"बंड्या, अपघातच झाला नाही, तर क्लेम कसला?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. संध्याच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, हातून चमचा निसटला होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

रविवारी भंगारवाल्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरने पहिला प्रश्न विचारला, "आरसी बुक?"

आरसी बुक कपाटात नव्हतं. ड्रॉवरमध्ये नव्हतं. ते देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या तसबिरीमागे होतं. गाडी आणली त्या दिवशी आईने हळद-कुंकू वाहून ते तिथे ठेवलं होतं. आता आई पदर खोचून देव्हाऱ्यापुढे उभी होती.

"आई, ते बुक दे. खाली ट्रक थांबलाय."

"गाडयेक असाच धाडतंस? घराक हाडली तेव्हा नारळ फोडलंस. आता गाऱ्हाणा घातल्याशिवाय ती गेटाभायर जावची नाय."

"अगं, भंगारात चाललीय ती!"

"मगे? सतरा वर्सां तुका उरार घेवन फिरली ती. गाऱ्हाणा नाय तर बुक नाय."

ज्यांचा कोकणाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाला आपली सगळी हकिगत मोठ्याने ऐकवायची आणि चुकलंमाकलं असेल त्याची माफी मागायची. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्या सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या मालवणात हे काम गावचा मानकरी, म्हणजे गावकर, करतो. बोरीवलीत गावकर नसल्यामुळे आईने ते आपल्याकडे घेतलंय. तिचा आवाज तीन बिल्डिंगांपर्यंत जातो, आणि गाऱ्हाण्यात ती काही लपवत नाही. देवापासून लपवून उपयोग काय, असं तिचं म्हणणं.

मी तांबडी कशीबशी गेटापर्यंत आणली. संध्याने ओवाळलं. मी नारळ धरला. बंड्या फोटो काढायला आला होता. रविवार असल्यामुळे निम्मी सोसायटी खाली होती. सगळ्यांत पुढे सेक्रेटरी कांतीभाई. कांतीभाई गुजराती, पण गणपतीत दहा वर्षं आमच्या आईच्या हाताखाली तयार झालेले. त्यांचा 'होय म्हाराजा' सगळ्यांत खणखणीत असतो.

आईने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही तांबडी आमचा घर सोडून जाता हा!"

"होय म्हाराजा!"

"तिना सगळ्यांका सांभाळल्यान. पण आमच्याकडसून तिका तरास झालो, तो पदरात घे!"

"होय म्हाराजा!" कांतीभाईंनी तर हातही जोडले.

"माझ्या सुनेन ती दोनदा गेटाच्या खांबार घातल्यान!"

"होय म्हाराजा!"

लोक लयीत होते. मीही लयीत होतो, मीही म्हणालो. मग मला शब्द कळले.

"संध्या?"

"अहो, गाऱ्हाणं चाललंय. मध्ये बोलू नका."

"एकदा मार्केटात हातगाडयेक घासल्यान! नि एकदा, मीच सांगितलंय म्हणान, नारळ घेवक थांबवल्यान, तेव्हा पाठसून रिक्षा धडाकली!"

"होय म्हाराजा!"

"ह्या माझ्या पोराक कळू दिला नाय. दहिसरच्या गॅरेजात गुपचूप ठोकून घेतला!"

आता माझ्या लक्षात आलं, मी ऑफिसच्या दौऱ्यावरून परत आलो की तांबडी दरवेळी एवढी चकचकीत का दिसायची! मी बंड्याकडे झुकलो. "बोनस?"

"काही होत नाही रे. बोनस क्लेम न केल्याचा असतो, अपघात न झाल्याचा नाही."

मला केवढा धीर आला! छाती फुगली. मी संध्याकडे बघून मान हलवली, अगदी दुःखाने, मोठेपणाने. जे काही केलं ते या बायकांनी, माझ्या हातून मात्र सतरा वर्षांत एकही...

आणि त्या क्षणी मला आठवलं, की आमची गॅलरी बरोबर पार्किंगच्या वर आहे आणि आई दुपारी तिथेच लसूण सोलत बसते.

"आता एकच सांगूचा रवला," आई म्हणाली. तिने डोळे उघडले. "ता मी सांगूचंय नाय. ता ज्येचा त्येना सांगूचा."

"होय म्हाराजा!" कांतीभाई म्हणाले.

ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. आरसी बुक आईच्या काखेत. ते मिळाल्याशिवाय गाडी जाणार नाही, गाडी गेल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेटशिवाय बोनसचं पत्र नाही. बंड्याने घड्याळ दाखवलं.

"बा देवा म्हाराजा," मी नारळाला उद्देशून म्हणालो. "दोन वर्षांपूर्वी... रिव्हर्स घेताना... कांतीभाईंच्या पांढऱ्या गाडीचा बंपर..."

"होय म्हा..." कांतीभाई थांबले. "ऐ! सावंतभाई! तो तर पाण्याच्या टँकरनी मारलेला ना?"

टँकरचं नाव मीच सुचवलं होतं. त्या टँकरवाल्याला आम्ही सगळ्यांनी मिळून झापलं होतं. त्यानंतर मी कांतीभाईंना जिन्यात अडवून सावध पार्किंगवर अर्धा तास भाषण दिलं होतं.

"मी क्लेम केला तेच्या!" कांतीभाई ओरडले. "माझा बोनस गेला! आणि तुम्ही दर वेळी भेटले का तुमचा बोनस दाखवते मला!"

"बंड्या," मी कसाबसा म्हणालो, "माझा बोनस यांच्या नावावर करता येतो का?"

"नाही दादा. तो ज्याचा त्याच्याबरोबरच राहतो."

"पापासारखो," आई म्हणाली, आणि आरसी बुक माझ्या हातात दिलं. "फोड आता नारळ."

नारळ माझ्याच्याने फुटेना. शेवटी तो कांतीभाईंनी फोडला. एका फटक्यात. माझ्याकडे बघत.

पुढचं सगळं बंड्याच्या क्रमाने झालं. सर्टिफिकेट आलं, नोंदणी रद्द झाली, पॉलिसी रद्द झाली आणि बोनसचं पत्रही आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, दाव्यांची संख्या शून्य. पूर्वीचा मी असतो तर ते फ्रेम करून घेतलं असतं. आता ते मी कपड्यांच्या खाली ठेवलंय.

नवी गाडीही आली. सेक्रेटरींनी नियमात बसवून आम्हाला नवी जागा दिली. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला त्यांचा पांढरा बंपर. वर गॅलरीत आई असते, लसूण सोलत. दुपारी कांतीभाईही खुर्ची घेऊन तिच्याशेजारी येऊन बसतात. दोघं फार बोलत नाहीत. नुसतं खाली बघतात.

चार महिने झाले, गाडी कव्हरखालीच आहे. आम्ही सगळे रिक्षाने फिरतो. पण बोनसला धक्का लागलेला नाही!