डागबाईचा बोर्ड

गावात तिला सगळे डागबाई म्हणायचे, तेही तोंडावर. बाजाराच्या रस्त्यावर तिचा फोटो स्टुडिओ होता. लोकांचे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, चामखिळी पुसायच्या, हा धंदा. नवऱ्याने शिकवलेला. नवरा गेला, काम हातात राहिलं. स्वभावाचे काटे मात्र कुणाला पुसता आले नाहीत. "सरळ बसा. हनुवटी खाली. हसताय कशाला, मी काय विनोद सांगितला?" अशी बाई! लोक तिच्या नावाने बोटं मोडत यायचे आणि गोरेगोमटे होऊन घरी जायचे.

तिचं हाडवैर मात्र एकाशीच, धाकट्या दिराशी. धरणाच्या काठावर त्याचं हॉटेल होतं आणि स्टुडिओची खोलीही त्याच्याच नावावर. "भावाची बायको म्हणून राहू दिलंय," हे तो चारचौघांत ऐकवायचा. खोली गेली की धंदा बसला, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. याच्याच लग्नाच्या वेळी नाकाशेजारची वाटाण्याएवढी चामखीळ तिने फोटोतून उडवली होती. पोरगी लांबची, बोलणी फोनवर, त्यामुळे सासरच्यांना चामखीळ दिसली थेट लग्नाच्या दिवशी. ते उपकार हा पठ्ठ्या केव्हाच विसरला.

एक दिवस तो दारात उभा राहिला. "वहिनी, मोठा बोर्ड करायचाय. एका बाजूला नदीचा उगम, दुसऱ्या बाजूला धरण आणि आपलं हॉटेल. कोपऱ्यात मी."

"उगमापर्यंत चढून कोण जाणार?"

"तुम्ही. खोली वापरता ना माझी?"

मनातल्या मनात त्याचा उद्धार करत ती डोंगर चढली. उगम म्हणजे तरी काय, खडकाची एक भेग आणि तिच्यातून येणारी हातभर रुंद धार. ती चिखलात गुडघे टेकून बसली. पण कॅमेरा पाण्यावर फोकसच धरेना, सारखा तळातल्या खड्यांवर जाऊन बसायचा, इतकं ते नितळ. तिने ओंजळभर पिऊन पाहिलं. बरं वाटलं, आणि कुणी बघत नव्हतं म्हणून ती हसलीही.

खाली धरणावर कॅमेऱ्याला काही अडचण आली नाही. पाण्यावर हिरवी साय होती, फोकस तिच्यावर चटकन बसला. मग हॉटेलच्या मागच्या भिंतीखाली तिला पाइप दिसला. त्यातून काळंकरडं पाणी भदाभदा धरणात पडत होतं. वास आला तशी तिने पदर नाकाला लावला. गावाच्या नळांना पाणी याच धरणातून यायचं, आणि तिची सासू महिनाभर पोट धरून अंथरुणात होती.

ती तशीच दिराकडे गेली. "भाऊजी, फोटोत तुमचा पाइप येतोय."

"मग डाग काढा की! जन्मभर दुसरं काय केलंत?"

"आईंच्या पोटात जातंय ते."

"आईचं वय झालंय. जास्त शहाणपण नकोय मला. डाग काढून बोर्ड लावायचा, नाहीतर खोली सोडायची."

घरी तिने सासूला सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "मला कशाला सांगतेस? तुझं तोंड बघूनच माझं पोट बिघडतं." पण उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याला म्हातारीने पुन्हा हात लावला नाही.

डागबाई कॉम्प्युटरसमोर बसली. पाइप मोठा करून बघितला. मग तिने चित्र जरा वर सरकवलं आणि कामाला लागली. तयार झालं तसं दिराच्या मोबाइलवर पाठवून दिलं. उत्तर लगेच आलं: "माझा चेहरा मोठा करा. बाकी ठीक." तिने चेहरा मोठा केला आणि बोर्ड छापायला धाडला.

धरणाच्या रस्त्यावर बोर्ड चढला तेव्हा बघ्यांची ही गर्दी! एका बाजूला खडकातली धार. दुसऱ्या बाजूला धरण. काठावर नुसती हिरवीगार टेकडी, हॉटेलचा मागमूस नाही. आणि त्या टेकडीतून बाहेर आलेला पाइप, धरणात ओकत असलेला. शेजारी दिराचा भलाथोरला चेहरा, चामखीळ काढलेला, हसरा.

"अरे, हॉटेल कुठं गेलं?" कुणीतरी ओरडलं, तशी हास्याची लाट उसळली. मग शिंपी म्हणाला, "पण पाइप खरा आहे का?" त्याची मुलगी आठवडाभर उलट्या करत होती. हसणं थांबलं. लोक हॉटेलच्या भिंतीमागे बघायला गेले.

दीर तणतणत स्टुडिओत घुसला. "वहिनी! माझं हॉटेल कुठाय?"

"डाग काढा म्हणालात. काढला."

"चालत्या व्हा! आत्ताच्या आत्ता खोली रिकामी करा!"

"डोळे उघडून बघा जरा."

त्याने बघितलं. भिंती उघड्या पडल्या होत्या, नुसते खिळे उरले होते. बाहेर हातगाडीवर कॉम्प्युटर, दिवे, खोकी बांधलेली होती, आणि फोटोच्या स्टुलावर मांडीत बोचकं घेऊन सासू बसली होती.

"आई, तू हिच्याबरोबर? रोज उठून हिच्याशी भांडतेस ना?"

"भांडते. हिची जीभ विषारी आहे," म्हातारी म्हणाली. "पण तिने मला विष कधी पाजलं नाही."

आणि गाडीवाल्यावर खेकसली, "तू काय बघतोस, ढकल!"